नवे मूत्रपिंड, जुनी त्वचा

गेल्या महिन्यात सीमाभागातील एका खेड्यातून एका मातेचे पत्र आमच्याकडे आले. तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. दीड वर्षपर्यंत आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पहाटेची एस. टी. धरून शहर गाठावे लागे. अखेर मातेने आपले एक मूत्रपिंड त्याला दिले. या गोष्टीस आता सात महिने झाले. लघवी उत्तम होते, रक्ताच्या तपासण्या समाधानकारक येतात, अन्न गोड लागते. मग पत्र कशासाठी? तर मुलाचा चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल झाला आहे, गालांवर व पाठीवर पुटकुळ्यांचा उठाव आला आहे, कपाळावर आणि कानशिलांजवळ दाट काळी लव उगवली आहे, आणि जांघेत नायटा पसरला आहे. मे महिन्यात थोरल्या बहिणीचे लग्न आहे. मुलगा म्हणतो, "महिनाभर गोळ्या बंद ठेवल्या तर काय बिघडेल? लग्न आटोपले की पुन्हा सुरू करीन." शेजारच्या एका गृहस्थांनी नायट्यावर रामबाण म्हणून औषधाच्या दुकानातून मलमाची एक नळीही आणून दिली आहे. माता शेवटी लिहिते, "मूत्रपिंड मी दिले, मग तोंड त्याचे का बिघडले?"

वरवर पाहता हा रूपाचा प्रश्न आहे. परंतु वाचकहो, या प्रश्नाच्या पोटात त्या मुलाचे जीवित आणि त्या मातेचे दान अशा दोन्ही गोष्टी दडलेल्या आहेत. म्हणून आजचे हे सदर आम्ही याच विषयास वाहिले आहे.

त्वचेने शिकविलेला धडा

मूत्रपिंड पोटात आणि त्वचा अंगावर. यांचा परस्परांशी काय संबंध, असे पुष्कळांस वाटेल. नवल असे की, अवयव बदलण्याची विद्याच मुळी त्वचेपासून निघाली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगो येथे पीटर मेडावर व टॉमस गिब्सन यांनी भाजलेल्या एका स्त्रीच्या जखमांवर तिच्या भावाच्या त्वचेचे लहान लहान तुकडे लावून पाहिले. काही दिवस ते टिकले आणि मग नष्ट झाले. त्याच भावाचे तुकडे दुसऱ्यांदा लावले, तेव्हा ते पहिल्याहूनही लवकर नाहीसे झाले. शरीर परक्यास ओळखते, आणि एकदा ओळखलेल्या परक्यास विसरत नाही, हा धडा त्यातून मिळाला. त्यांचा हा अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला, आणि या क्षेत्रातील कार्यासाठी मेडावर यांस १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तिकडे अमेरिकेत जोसेफ मरे नावाचे तरुण शल्यविशारद युद्धात भाजलेल्या सैनिकांवर उपचार करीत होते. दुसऱ्याची त्वचा माणसाच्या अंगावर का रुजत नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात तेथेच शिरला. पुढे २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन शहरात त्यांनी रोनाल्ड हेरिक याचे एक मूत्रपिंड त्याच्या आजारी जुळ्या भावास, रिचर्डला, बसविले. हे जगातील पहिले यशस्वी मूत्रपिंड-प्रत्यारोपण होय. त्याआधी दोघे खरोखरच एकाच बीजाचे जुळे आहेत की नाहीत, याची परीक्षा कशी केली असेल? एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याच्या अंगावर लावून! तो रुजला, म्हणजे मूत्रपिंडही रुजेल, असा निष्कर्ष काढला गेला आणि तो खरा ठरला. रिचर्डला त्या मूत्रपिंडावर आठ वर्षांचे आयुष्य लाभले, तो संसारी झाला, दोन मुलींचा पिता झाला. मूत्रपिंड देणारा रोनाल्ड तर २०१० सालापर्यंत जगला. आपले एक मूत्रपिंड देऊन मागे चिंतेत राहिलेल्या मातापित्यांनी ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

परंतु प्रत्येकास जुळा भाऊ कोठून असणार? मातेचे मूत्रपिंड झाले तरी मुलाच्या शरीराच्या दृष्टीने ते काहीसे परकेच. म्हणून शरीराची जी पहारेकऱ्यांची फौज आहे, जिला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो, तिला औषधांनी गुंगीत ठेवावे लागते. १९६० नंतरच्या काळात अ‍ॅझाथायोप्रिन, १९८०च्या सुमारास सायक्लोस्पोरिन, आणि त्यानंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, सिरोलिमस अशी औषधे आली. त्यांच्या जोडीस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतेच. आपल्या देशात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे प्रत्यारोपण यशस्वी झाले, आणि आज अनेक शहरांतून ते होत असते.

आता त्वचेचा प्रश्न उलगडेल. त्वचा ही शरीराची वेस आहे. ऊन, पाऊस, चिखल, काटे, जंतू, बुरशी या सर्वांची पहिली गाठ तिच्याशी पडते. वेशीवरच्या पहारेकऱ्यास गुंगी दिली म्हणजे नवे मूत्रपिंड आत सुखाने राहते, हे खरे. परंतु त्याच वेळी वेशीतून इतर पाहुणेही आत येऊ लागतात. त्या पाहुण्यांस ओळखणे आणि वेळीच परतविणे हे काम आता डोळ्यांनी व हातांनी करावयाचे आहे.

औषधांच्या खुणा

प्रथम एक समाधानाची गोष्ट. मूत्रपिंडे निकामी असताना रोग्यास जी रात्रंदिवस खाज सुटते, त्वचा कोरडी पडून राखेसारखी दिसते, तो त्रास नवे मूत्रपिंड कामास लागले की बहुधा ओसरतो. म्हणजे मातेच्या दानाने त्वचेचे भलेही केलेले असते. ते दिवस गेले की आपण विसरतो, इतकेच.

नंतर येतात त्या औषधांच्या खुणा. चेहरा गोल होणे, छातीपाठीवर एकसारख्या पुटकुळ्या उठणे, त्वचा पातळ होऊन जराशा धक्क्याने हातांवर काळेनिळे डाग पडणे, पोटावर व मांड्यांवर जांभळट रेघा उमटणे, ही स्टेरॉइडची कामे. अंगावर व चेहऱ्यावर लव वाढणे आणि हिरड्या सुजून दातांवर चढणे, हे सायक्लोस्पोरिनचे काम. टॅक्रोलिमसने उलट काहींचे केस विरळ होतात. सिरोलिमसने तोंडात फोड येतात आणि जखमा सावकाश भरतात.

यातील पुष्कळ खुणा कायमच्या नसतात. स्टेरॉइडचे प्रमाण पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असते. डॉक्टर ते हळूहळू उतरवीत नेतात आणि त्याबरोबर चेहऱ्याचा फुगवटा व पुटकुळ्याही उतरू लागतात. लव असह्य झाली तर सायक्लोस्पोरिनऐवजी दुसरे औषध देता येईल की नाही, याचा विचार डॉक्टर करू शकतात. पुटकुळ्यांवर लावण्याची निर्धोक मलमे आहेत. हिरड्यांसाठी दातांची स्वच्छता व दंतवैद्याची भेट उपयोगी पडते. म्हणून रोग्याने लाजेने गप्प बसू नये. आपल्या रूपाबद्दल बोलणे म्हणजे जीव वाचविणाऱ्या डॉक्टरांपाशी कृतघ्नपणा करणे, असे कित्येकांस वाटते. तसे मुळीच नाही. न बोलता गोळ्या टाकून देणे हा मात्र मोठा अनर्थ होय.

कारण गोळ्या बंद झाल्या की पहारेकरी जागा होतो. तो मूत्रपिंडावर तुटून पडतो, आणि हे सारे बहुधा निःशब्दपणे घडते; पोटात कळ येत नाही, लघवीही काही काळ नेहमीसारखी होत असते. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तेव्हा पुष्कळ नुकसान झालेले असते. शिवाय ग्लासगोच्या त्या भावाबहिणीची गोष्ट आठवावी: एकदा ओळखलेल्या परक्यास शरीर विसरत नाही. पहिले मूत्रपिंड गमावलेल्या रोग्यास दुसरे जुळणे अधिक कठीण जाते. आणि मातेपाशी तर देण्यासाठी दुसरे उरलेलेही नसते.

बुरशी, जंतू आणि मलमाची नळी

आपल्या हवेत, विशेषतः पावसाळ्यात, अशा रोग्यांस सर्वांत अधिक छळणारी गोष्ट म्हणजे बुरशी. नायटा, शिबे, पायांच्या बोटांतील चिखल्या, नखांचा रंग पालटून ती जाड होणे, तोंडात पांढरा थर जमणे, ही सर्व तिचीच रूपे. निरोग्यास जो नायटा रुपयाएवढा होतो, तो या रोग्यास तळहाताएवढा होऊन अंगभर पसरू शकतो.

येथेच ती मलमाची नळी घात करते. बाजारात मिळणाऱ्या अशा पुष्कळ नळ्यांत बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. लावताच दोन दिवसांत खाज थांबते आणि लावणारा धन्यता मानतो. परंतु आग विझलेली नसते, राखेखाली पसरत असते. बुरशी वाढत जाते, तिचे रूप पालटते, त्वचा आणखी पातळ होते, आणि पुढे खरे औषधही लवकर गुण देत नाही. या मलमांचा गैरवापर इतका बोकाळला की २०१८ साली केंद्र सरकारने अशी कित्येक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. तरीही शेजारधर्म म्हणून ती घरोघर फिरत असतात.

पोटात घेण्याच्या गोळ्यांचा धोका याहून वेगळा. बुरशीवरील फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल या गोळ्या, तसेच एरिथ्रोमायसिन हे जंतुनाशक, सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस यांचे रक्तातील प्रमाण वाढवितात, आणि ते वाढले की मूत्रपिंडासच इजा होते. ही औषधे कधी देतच नाहीत असे नाही. पण देताना मूळ औषधाचे प्रमाण बदलावे लागते व रक्त तपासावे लागते. तेव्हा गावच्या डॉक्टरांकडे गेलात तरी पहिले वाक्य हेच असावे: "माझे मूत्रपिंड बदललेले आहे आणि मी या गोळ्या घेतो." गोळ्यांची यादी खिशात बाळगावी.

प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी म्हणून दिले जाणारे काढे, चूर्णे आणि भस्मे यांविषयीही सावध राहावे. ज्या शक्तीस डॉक्टरांनी मुद्दाम निजविले आहे, तिला उठविण्याचा उद्योग कितीही प्रेमाने केला तरी तो शत्रुत्वाचाच ठरेल.

केस्तूड, गळू, पायावर लाल व गरम सूज येऊन ताप भरणे, ही जंतूंची कामे होत. ताप व सूज एकत्र दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सकाळपर्यंत वाट पाहू नये. शेतात काटा रुतला, ती जागा भरली, आणि काही महिन्यांनी तेथेच एक गाठ वर आली, तर तीही दाखवावी; मातीतील बुरशी काट्याबरोबर आत जाऊन अशी गाठ करते. घरात कोणास खरूज झाली तर सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे. या रोग्यास खरूज झाली असता कधी कधी खाज कमी आणि खपल्या जाड असे तिचे फसवे रूप दिसते. बधिर चट्टा आढळला तर तो महारोगाचा असू शकतो. तोही आज औषधाने पूर्ण बरा होतो, म्हणून लपवू नये.

नागीण व कांजिण्या

अंगाच्या एका बाजूस पट्ट्यासारखी आग होऊन पाण्याच्या फोडांची रांग उठली म्हणजे ती नागीण. ती गेरूने किंवा मंत्राने उतरत नाही. तिच्यावर विषाणुनाशक गोळ्या आहेत, आणि त्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर अधिक गुण येतो. तिचीच बहीण म्हणजे कांजिण्या. ज्या रोग्यास लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या नाहीत, त्याच्या घरात किंवा शाळेत कोणास त्या आल्या, तर अंगावर फोड उठण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. संरक्षणाचा उपाय वेळेतच करावा लागतो. जिवंत जंतूंच्या लसी, जशी कांजिण्यांची किंवा गोवराची, प्रत्यारोपणानंतर सामान्यतः देत नाहीत. म्हणून जे अजून प्रत्यारोपणाची वाट पाहत आहेत, त्यांनी लसींचा प्रश्न आधीच काढावा.

सावकाश येणारा शत्रू

चामखिळी या रोग्यांस पुष्कळ होतात आणि हट्टाने टिकतात. त्या बहुधा निरुपद्रवी असतात. पण वर्षांनुवर्षे औषधे चालू असताना चामखिळीसारखीच दिसणारी एखादी गाठ कर्करोगाची निघू शकते. नॉर्वे देशात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मूत्रपिंड किंवा हृदय बदललेल्या लोकांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण सामान्य जनांच्या सुमारे ६५ पट आढळले. ते लोक गोऱ्या वर्णाचे. आपल्या सावळ्या त्वचेस उन्हापासून निसर्गाने संरक्षण दिले आहे आणि आपल्याकडे हा रोग पुष्कळच विरळ दिसतो. पण विरळ म्हणजे नाहीच असे नव्हे. सावळ्या लोकांत तो कधी कधी झाकलेल्या भागांवर, नखाखाली किंवा गुप्तांगाजवळ येतो, जेथे कोणी पाहत नाही. ओठ आणि तोंड यांस तर तंबाखूचा दुहेरी धोका.

ऊन हे या रोगाचे मोठे कारण. अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्याची त्वचा तर उन्हास अधिकच हळवी होते. म्हणून शेतावर जाणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा सदरा व रुंद काठाची टोपी घालावी. टोपी नसेल तर मुंडासे बांधावे, छत्री घ्यावी. दहा ते चार या वेळातील काम शक्य तेवढे सकाळ-संध्याकाळवर ढकलावे. ऐपत असेल त्याने उन्हाचे मलम लावावे. पण जाड सुती कापड हे गरिबाचे उत्तम मलम आहे, आणि ते धुऊन पुन्हा वापरता येते!

महिन्यातून एकदा, एखाद्या रविवारी दुपारी, चांगल्या उजेडात सर्व अंग पाहावे. टाळू, कानांमागे, ओठ, तोंडाची आतली बाजू, बोटांच्या बेचक्या, तळपाय, नखे. पाठ घरच्या माणसाने पाहावी. चार आठवड्यांत न भरणारी जखम, भराभर वाढणारी किंवा दाबल्यावर दुखणारी कठीण गाठ, सहज रक्त येणारा फोड, रूप पालटणारा तीळ, यांतले काहीही दिसले तर दाखवावे. वेळेवर सापडलेली अशी गाठ लहानशा शस्त्रक्रियेने निघते. उशीर झालेली मात्र जिवावर बेतते.

घरच्यांनी करावयाचे

रोज स्नान, अंग, विशेषतः जांघा, काखा व बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या. ओले कपडे अंगावर वाळवू नयेत. टॉवेल, साबण व वस्तरा रोग्याचा स्वतंत्र असावा. न्हाव्याकडे जातानाही आपलाच वस्तरा न्यावा. चिखलात उतरताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालावेत. कोरड्या त्वचेस साधे व्हॅसलीन किंवा खोबरेल पुरे. मात्र पुटकुळ्यांच्या जागी तेल चोळू नये. पुटकुळ्या फोडू नयेत. गोंदवून घेऊ नये. जखम झाली तर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी; तिच्यावर शेण, चुना, हळद-तंबाखू काही भरू नये.

आणि आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. अशा मुलास पाहताच "अगबाई, केवढा सुजलास!" असे उद्गार काढण्याची आपल्या गावांत रीत आहे. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, परंतु ते शब्द घेऊन मुलगा घरी जातो आणि गोळ्यांच्या डबीकडे पाहू लागतो. एकोणीस वर्षांच्या वयात आरसा हा मोठा कठोर न्यायाधीश असतो. नातेवाइकांनी त्याचे वकीलपत्र घेऊ नये.

आता त्या मातेस आमचे उत्तर. भगिनी, तुमच्या मूत्रपिंडाने त्याचे तोंड बिघडविलेले नाही. ते मूत्रपिंड सांभाळण्यासाठी घ्याव्या लागणाऱ्या औषधांच्या या खुणा आहेत, आणि त्यातील बहुतेक पुढील महिन्यांत ओसरतील. ती मलमाची नळी शेजाऱ्यांस नम्रपणे परत न करता कचऱ्यात टाका, म्हणजे ती आणखी कोणाच्या घरी जाणार नाही. लग्नाची वाट न पाहता या आठवड्यातच प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांकडे जा. नायटा, पुटकुळ्या आणि लव ही तिन्ही त्यांच्यापुढे ठेवा, आणि गोळ्या बंद करण्याचा जो विचार मुलाच्या मनात आला तोही न लपविता सांगा. ते रागावणार नाहीत. अशा वयाची मुले त्यांनी पुष्कळ पाहिलेली असतात. तुमची स्वतःची वार्षिक तपासणीही चुकवू नका.

आणि मुलास आमचा निरोप द्या. बहिणीच्या लग्नाच्या छायाचित्रात त्याचा चेहरा थोडा गोल दिसेल. दिसू द्यावा. पाच वर्षांनी ते छायाचित्र हाती घेऊन बहीण गोल चेहऱ्याकडे पाहणार नाही. भाऊ त्या दिवशी आपल्याजवळ उभा होता, एवढेच ती पाहील.